लाल दिवा आणि दोन थाऊची फट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग लिखित स्वरूपात. बोलताना झालेली थोडी पाल्हाळ काढली आहे, आकडे नीट लावलेत, बाकी जसं बोललो तसंच.

आजची गोष्ट सुरू होते 1883 मध्ये, इंग्लंडात. बोशांप टॉवर नावाचा एक इंजिनिअर होता. मेकॅनिकल इंजिनिअरांच्या तिथल्या संस्थेने त्याला काम दिलं होतं: रेल्वेच्या डब्याच्या चाकाचा आस बेअरिंगमध्ये फिरतो तेव्हा घर्षण नेमकं किती होतं, ते मोजून सांग. त्याने चार इंच जाडीचा एक शाफ्ट घेतला, त्यावर पितळेचं अर्धगोल बेअरिंग बसवलं, वर वजन दिलं, आणि शाफ्टचा खालचा भाग तेलात बुडवून ठेवला. प्रयोग चालू असताना त्याला वाटलं, वरून तेल सोडायला बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडावं. पाडलं. शाफ्ट फिरवला, तर तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून उलटं वर यायला लागलं! सगळीकडे पसारा. मग त्याने भोकात बूच ठोकलं. ते उडालं. लाकडाची खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. शेवटी त्याने तिथे प्रेशर गेज लावलं. गेजचा काटा 200 पीएसआयच्या पुढे गेला. बेअरिंगवर ठेवलेलं वजन हिशेबाने सरासरी 100 पीएसआयच होतं.

म्हणजे काय झालं? तेलाला कुणीच पंप करत नव्हतं. शाफ्ट स्वतः फिरताना तेलाला ओढून त्या बारीक फटीत कोंबत होता, आणि कोंडलेलं तेल अख्खं वजन उचलून धरत होतं. लोखंड पितळेला शिवतच नव्हतं. तीन वर्षांनी, 1886 मध्ये, मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स या प्राध्यापकाने यामागचं गणित मांडलं. आज मोटारींच्या बहुतेक इंजिनांची बेअरिंग त्याच गणितावर चालतात. तुमच्या दारातल्या मोटारीपासून राईस मिलच्या जनरेटरपर्यंत.

गोंदियात बसून ही गोष्ट सांगायला मला गंमत वाटते, कारण आपलं गाव रेल्वेच्या जंक्शनवर वाढलं. सातपुड्याच्या नॅरोगेजचे डबे, बंगाल नागपूर रेल्वेची मोठी लाइन, आणि घरात कुणी रेल्वेत असेल तर 'हॉट ॲक्सल' हा शब्द लहानपणीच कानावर पडलेला. आसाच्या पेटीतलं तेल संपलं, की तो थर जातो, धातू धातूला लागतो, पेटी तापते, धूर निघतो, आणि गाडी मधल्याच स्टेशनावर थांबवून डबा कापावा लागतो. टॉवर ज्याचा अभ्यास करत होता ते हेच.

आता रेल्वेवरून मोटारीवर येऊ.

तुरिनहून कुर्ल्याला आलेलं इंजिन

काळी-पिवळी टॅक्सी तुम्ही निदान सिनेमात तरी पाहिली असेल. प्रीमियर पद्मिनी. आपल्याकडे तिला सगळे 'फियाट'च म्हणतात. विदर्भात डॉक्टर, वकील, धानाचे व्यापारी यांच्या अंगणात अशी एखादी फियाट हमखास असायची, आणि काही अजूनही आहेत, गोठ्याच्या बाजूला, ताडपत्री टाकून.

तिचं इंजिन 1089 सीसी. चार सिलिंडर, बोअर 68 मिमी, स्ट्रोक 75 मिमी, आणि क्रँकशाफ्टला तीन मेन बेअरिंग. हेच बोअर-स्ट्रोक फियाटने तुरिनमध्ये 1937 च्या 508 सी या मॉडेलसाठी काढलं होतं. दुसरं महायुद्धही तेव्हा सुरू झालं नव्हतं! त्या इंजिनाचा वंश पुढे 1953 च्या नव्या फियाट 1100 मध्ये आला आणि तिथून आपल्याकडे.

आपल्याकडे आणणारे वालचंद हिराचंद. मूळ सोलापूरचे, आणि 'हे भारतात होणार नाही' असं कुणी म्हटलं की तेच काढायची त्यांना सवय. जहाजं काढली, बंगळुरूला विमानाचा कारखाना काढला, विशाखापट्टणमला जहाजबांधणी. 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स. सुरुवात अमेरिकन क्रायस्लरबरोबर झाली, 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुटे भाग आणायचे आणि जोडायचे, एवढंच. वालचंद 1953 मध्ये गेले, म्हणजे फियाट 1100 चे खरे दिवस त्यांनी पाहिलेच नाहीत.

पण त्याच 1953 साली दिल्लीत एक निर्णय झाला, जो आपल्या आजच्या विषयाला थेट लागू आहे. टॅरिफ कमिशनने सांगितलं की नुसती जोडणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. गाडी इथेच टप्प्याटप्प्याने बनवायची योजना ज्याच्याकडे असेल त्यालाच परवानगी. जनरल मोटर्सची मुंबईत शिवडीला जोडणी चालायची, 1928 पासून. ते गेले. फोर्डही गेली. उरल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या कंपन्या, त्यात कुर्ल्याची प्रीमियर.

आता 'इथेच बनवायचं' म्हणजे काय? पत्रा ठोकून बॉडी करणं तुलनेने सोपं. अवघड आहे क्रँकशाफ्टचा जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा तो गुळगुळीत गोल भाग, मापात बनवणं. साधारण 50 मिमी जाडीच्या जर्नलला आणि त्याच्या बेअरिंगला मिळून 0.05 मिमीच्या आसपास फट हवी. डोक्याचा केस साधारण 0.07 मिमी असतो. केसापेक्षा बारीक फट, तीही सगळीकडे सारखी, आणि एका गाडीत नाही, हजारो गाड्यांत.

देशात लेथ बनवायलाच नुकती सुरुवात झाली होती. किर्लोस्करांनी 1941 मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर काढून लेथ बनवायला घेतले, एचएमटी बंगळुरूला 1953 मध्ये. पुण्याच्या भारत फोर्जची स्थापना 1961 ची. क्रँकशाफ्टसारखे फोर्जिंगचे भाग पुढे तिथून देशभर गेले. म्हणजे गाडी आधी आली आणि ती बनवायची अवजारं मागून येत होती. साठच्या दशकात ग्राहकांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारने मोटारींच्या दर्जाच्या चौकशीसाठी वेगळी समिती नेमली. किमतीवर सरकारी नियंत्रण होतं ते वेगळंच. प्रीमियर त्यावरून सुप्रीम कोर्टात गेली होती, 1971 चा तो निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात.

सामान्य माणसाला याचा अर्थ एकच: नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षं थांबा. नंबर लावा, पैसे भरा, वाट बघा. मग आहे ती गाडी चालवा. इंजिन थकलं? बांधून घ्या. पुन्हा थकलं? पुन्हा बांधा. माझ्या मते भारतातला मोटार मेकॅनिक तयार झाला तो या रांगेमुळे. आणि खेड्यापाड्यात त्याच्याही आधी तो तयार झाला शेतातल्या ऑइल इंजिनवर. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स पुण्याला खडकीत 1946 मध्ये सुरू झाली. त्यांचं एव्ही-1 हे पाच हॉर्सपॉवरचं इंजिन, 80 मिमी बोअर, 110 मिमी स्ट्रोक, ज्याने खोललं आणि बसवलं त्याला फियाट म्हणजे तेच काम चार वेळा.

प्रेशर कोण बनवतं?

आता जरा डोकं लावायचा भाग. इयरफोन नीट बसवा.

पद्मिनीच्या डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरचं गेज नाही. एक लाल दिवा आहे. चावी फिरवली की लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो. हा दिवा ज्या स्विचवर चालतो तो अगदी कमी दाबाला, साधारण पाच-सात पीएसआयला, जोडला जातो. म्हणजे चालू इंजिनात दिवा लागला तोवर बरंच काही होऊन गेलेलं असतं. दिवा सूचना देत नाही, पंचनामा करतो.

बहुतेकांना वाटतं ऑइल पंप प्रेशर बनवतो. पंप खराब, म्हणून प्रेशर कमी, म्हणून पंप बदला. खरं म्हणजे पंप फक्त तेल ढकलतो. तो दोन गिअरचा साधा पंप आहे, क्रँक जितका फिरेल त्या प्रमाणात तेवढं तेल पुढे देतो, बस. प्रेशर तयार होतं ते पुढे अडथळा आहे म्हणून. गार्डनचा पाइप घ्या, नळ तितकाच सोडलाय, तोंडावर अंगठा ठेवलात की जोर वाढतो. इंजिनात तो अंगठा म्हणजे बेअरिंगची फट. तेल गॅलरीतून, म्हणजे ब्लॉकमधल्या भोकांच्या वाटेने, बेअरिंगपर्यंत जातं आणि दोन्ही कडांनी गळून खाली चेंबरमध्ये पडतं. ही गळती व्हायलाच पाहिजे, तेल तिथून उष्णता घेऊन जातं. प्रश्न किती गळावं याचा आहे.

आणि इथे रेनॉल्ड्सचं गणित चावतं. गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. घन म्हणजे तीनदा गुणायचं. फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाही, आठपट होते. दुप्पट तर फार झालं, 0.05 मिमीची 0.06 झाली, फक्त दहा मायक्रॉन वाढले, तरी गळती साधारण पावणेदोनपट. डोळ्याला दिसत नाही, हाताला कळत नाही, पण तेलाला कळतं.

त्यात तेल तापतं. आपण टाकतो ते 20 डब्ल्यू 50 घ्या. 40 अंशाला त्याचा घट्टपणा साधारण 150 सेंटिस्टोक, 100 अंशाला अठराच्या आसपास. म्हणजे तेच तेल गरम झाल्यावर आठेक पट पातळ. म्हणून झिजलेलं इंजिन सकाळी शहाण्यासारखं वागतं. दिवा लगेच विझतो. नागपूरपर्यंत जाऊन आलात, गोंदियाच्या रेल्वे फाटकावर गाडी न्यूट्रलला उभी केलीत, की दिवा मिणमिण करायला लागतो. रेस वाढवली की विझतो, कारण पंप जोरात फिरतो. मालक म्हणतो, 'वायरिंगचा लोचा असेल.' असतोही कधीकधी, स्विच खराब होतात, त्यामुळे आधी एखादं खरं गेज लावून बघावं हे बरोबरच आहे. मोटारवाल्यांचा जुना अंदाज असा, की दर हजार आरपीएमला दहा पीएसआय मिळत असेल तर काळजी नको.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे ओळखीचं वाटतं. डॅशबोर्डवर लाल दिसलं म्हणजे बिघाड डॅशबोर्डमध्ये नसतो.

पण मग टॉवरचं काय? त्याच्याकडे तर पंपच नव्हता, तरी 200 पीएसआय आले. मोटारीत पंपाचे 40 पीएसआय कशाला हवेत? उत्तर असं: वजन उचलतो तो तेलाचा पाचर, फिरत्या शाफ्टने स्वतः तयार केलेला, आणि त्याच्यातला दाब गेजवर दिसणाऱ्या आकड्याच्या कितीतरी पट असतो. पंपाचं काम फक्त त्या पाचराला तेल कमी पडू न देणं. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या बेलिस कंपनीने 1890 मध्ये वाफेच्या वेगवान इंजिनात पंपाने दाबून तेल द्यायची पद्धत आणली, ती याच कारणासाठी. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं साधी इंजिनं तेल उडवूनच चालायची. शेतात धकधक करणारं जुनं लिस्टर पद्धतीचं इंजिन पाहिलंय? कनेक्टिंग रॉडला एक पळी असते, ती तेलात बुडते आणि शिंतोडे उडवते. गेज नाही, दिवा नाही. हळू फिरणाऱ्या इंजिनाला ते पुरतं.

दहा, वीस, तीस, चाळीस

इंजिन बांधायला खोललं की खरं काम मापाचं. आणि इथे आपली मिश्र भाषा बघा. फियाट इटलीची, म्हणजे गाडी मिलिमीटरची. भारतात 1958 पासून मेट्रिक लागू झालं. तरी वर्कशॉपात माप विचारलं तर उत्तर 'दहा साइज', 'वीस साइज'. ही इंचाची मापं आहेत, इंचाचे हजार भाग केले की त्यातला एक म्हणजे एक थाऊ. इंग्रजांच्या गाड्या, जीप, ॲम्बेसिडर, रेल्वेचे वर्कशॉप यांतून ही भाषा आली आणि टिकली. त्यात मौज अशी की खुद्द फियाटच्या मॅन्युअलमध्ये बेअरिंगचे अंडरसाइज दिलेत ते 0.254, 0.508, 0.762 आणि 1.016 मिमी. नीट बघा, हे दहा, वीस, तीस, चाळीस थाऊच आहेत! इटालियन माणसानेही मिलिमीटरच्या झग्यात इंचच घातला होता. (अजून मोठं माप असेल तर आपल्याकडे 'सूत' चालतं, इंचाचा आठवा भाग. सूताने दार बसवायचं, थाऊने क्रँक.)

हे अंडरसाइज म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळा जीव यात आहे. जर्नल झिजतो तो गोल झिजत नाही. सिलिंडरमध्ये स्फोट होतो तेव्हा धक्का दरवेळी क्रँकच्या ठरावीक बाजूला बसतो, त्यामुळे तो अंडाकृती होतो. मायक्रोमीटरने उभं आणि आडवं अशी दोन मापं घ्यायची, दोन्ही टोकांना. फरक मर्यादेबाहेर असेल तर जर्नल घासून पुन्हा गोल करायचा, म्हणजे तो बारीक होणार. बारीक झालेल्या जर्नलला तितकंच जाड बेअरिंग. पहिल्यांदा दहा थाऊ काढले, की 'दहा साइज'चं बेअरिंग लागतं. पुढच्या खेपेला वीस. मग तीस. मग चाळीस. त्यापुढे बेअरिंग मिळत नाही. म्हणजे एका क्रँकला मूळ धरून पाच आयुष्यं. मुंबईतल्या टॅक्सीने ती भराभर वापरली, गावातल्या डॉक्टरांच्या गाडीने सावकाश.

म्हणून जुनी फियाट घेणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारायला सांगेन: क्रँक कितव्या साइजला आहे? रंग, सीट, चकचकीत बंपर हे सगळं नंतर. क्रँक तीसला असेल आणि वर्कशॉपवाला मोजल्याशिवाय म्हणाला की 'ग्राइंडिंग करून टाकू', तर थांबवा. माप मर्यादेत असेल तर त्याच साइजचं नवं बेअरिंग टाकून भागतं. एकदा घासलेलं लोखंड परत येत नाही. वेल्डिंगने भरून घेण्याची सोय आहे, पण त्यात क्रँक वाकण्याची, तडकण्याची भीती असते, आणि ते काम नीट करणारे आता कमी.

घासतानाही चलाखी लागते. जर्नल जिथे क्रँकच्या पाळीला मिळतो तिथे एक छोटी गोलाई असते. ग्राइंडरच्या चाकाची कड नीट घडवली नसेल तर ती गोलाई जाऊन काटकोन होतो. मापात सगळं बरोबर, गेज लावलं तरी सगळं बरोबर, आणि मग कधीतरी क्रँक नेमका त्या कोपऱ्यात तुटतो.

आणि आपल्या भागातली खास गोष्ट, ऊन. मापांसाठी जगाने 20 अंश तापमान प्रमाण मानलंय, 1931 पासून. मे महिन्यात गोंदियात पत्र्याखालच्या वर्कशॉपात 45 अंश. तसं बघितलं तर मायक्रोमीटरही लोखंडाचा आणि क्रँकही लोखंडाचा, दोघं सारखेच फुगले तर बिघडत नाही. बिघडतं घाईने. ग्राइंडिंगवरून नुकताच उतरलेला क्रँक मायक्रोमीटरपेक्षा 20 अंशांनी गरम असेल, तर 50 मिमीचा जर्नल साधारण 0.0115 मिमीने जाड दिसतो. अर्धा थाऊ! थंड झाल्यावर तो तेवढा बारीक निघणार, फट तेवढी वाढणार. वर सांगितलेला घन आठवतोय ना? म्हणून चांगला कारागीर क्रँक उतरवून ठेवतो आणि चहाला जातो. बघणाऱ्याला तो आळशी वाटतो.

दुसरी आपली गोष्ट म्हणजे धान. धानाच्या तुसात सिलिका भरपूर असते. तूस जाळलं तर उरणाऱ्या राखेत बहुतांश तीच. सिलिका म्हणजे वाळूचीच जात. राईस मिलच्या परिसरात हवेत ही धूळ असते, आणि एअर फिल्टर फाटका असेल तर ती सरळ सिलिंडरमध्ये जाते आणि पॉलिश पेपरसारखी काम करते. रिंगा झिजतात, बोअर वरच्या बाजूला रुंद होतो, धूळ तेलात उतरून बेअरिंगमध्ये रुतते. हजारोंचं इंजिनकाम दोन-चारशेच्या फिल्टरपायी जातं.

बोअरचंही तसंच गणित आहे, फक्त तिथे मऊ पाहुणा वेगळा. पिस्टन ॲल्युमिनियमचा, ब्लॉक बिडाचा. ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. थंड असताना पिस्टन 'छान टाइट' बसला म्हणून खूश झालात तर गरम झाल्यावर तो चिकटणार. रिंगेच्या तोंडाची फटही मोजायची, बोअरच्या दर इंचाला तीन ते चार थाऊ. 68 मिमीच्या बोअरला म्हणजे दहा थाऊच्या आसपास. कमी ठेवली तर रिंगेची टोकं गरम झाल्यावर एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते.

वॉशर, घट्ट तेल आणि वायर

आता लबाडीचा इतिहास, तो सांगितल्याशिवाय ही गोष्ट अपुरी राहील.

पंपाजवळ एक रिलीफ व्हॉल्व्ह असतो. थंडीत घट्ट तेलाने दाब फार वाढू नये म्हणून स्प्रिंगवर बसवलेला. जुना तोडगा असा, की स्प्रिंगच्या मागे एक वॉशर टाका, प्रेशर वाढतं. वाढतं खरं, पण कुठे? जास्त आरपीएमला. जिथे दिवा मिणमिणतो त्या आयडलिंगला दाब इतका कमी असतो की व्हॉल्व्ह आधीच बंद असतो, वॉशरने तिथे काडीचाही फरक पडत नाही. दुसरा तोडगा घट्ट तेल. त्याने दिवा विझतो, आणि थोडे दिवस खरंच निघतात. पण थंड इंजिनात ते तेल दूरच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं, आणि इंजिनाची सगळ्यात जास्त झीज त्या पहिल्या क्षणांतच होते. तिसरा तोडगा म्हणजे स्विचची वायरच काढून टाकणं. त्यावर मी काही बोलत नाही. गाडी बघायला जाल तेव्हा चावी फिरवून इंजिन सुरू करायच्या आधी थांबा आणि लाल दिवा लागतोय का ते बघा. लागला नाही तर समजा.

गाडी गरम करून बघायला द्या असं सांगा. 'सकाळीच या, मी चालू करून ठेवतो' असं कुणी म्हणालं तरी हरकत नाही, तुम्ही अर्धा तास फिरवून आणा आणि मग आयडलवर ठेवा.

पाच आयुष्यांनंतर

1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि हे जग बदलायला लागलं. नव्या गाड्यांची मापं कारखान्यातच इतकी नेमकी, तेल इतकं चांगलं, की लाख-दीड लाख किलोमीटर इंजिन खोलायची वेळच येईना. आज तुमची गाडी बिघडली तर बहुतेकदा पार्ट बदलतात किंवा अख्खं इंजिन. प्रीमियरनेही पुढे निसानचं इंजिन घेऊन 118 एनई काढली, पण पद्मिनीचं उत्पादन या शतकाच्या तोंडावर थांबलं. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा होती, त्यामुळे शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी सोशल मीडियावर सगळ्यांनी रंगाबद्दल लिहिलं, छतावरच्या कॅरिअरबद्दल लिहिलं. इंजिनाबद्दल कुणी लिहिलेलं मला तरी दिसलं नाही.

आता जो कुणी आजोबांची फियाट उभी करायला घेईल त्याच्यासमोर अडचण अशी आहे. बेअरिंगचे संच मिळतात, पण हवी ती साइज हवी तेव्हा मिळेलच असं नाही. दहा आणि वीस संपून चाळीसच शिल्लक असलेला दुकानदार सहज म्हणतो, 'क्रँक चाळीसलाच मारून घ्या ना!' म्हणजे दुकानात डबा आहे म्हणून क्रँकची तीन आयुष्यं एका दुपारी उडवायची. डब्यावर '20' लिहिलं असेल तरी आतला शेल वीसचाच आहे का, हे बसवून मोजावं लागतं. त्यासाठी मेणासारखा एक बारीक प्लास्टिकचा धागा मिळतो, प्लास्टिगेज म्हणतात. जर्नलवर आडवा ठेवायचा, कॅप ठरलेल्या टॉर्कने आवळायची, क्रँक अजिबात फिरवायचा नाही, पुन्हा खोलायचं आणि धागा किती चपटा झाला ते पाकिटावरच्या पट्टीला लावून वाचायचं. मायक्रोमीटर आणि बोअर गेज हातात नसेल त्याला हे वरदान आहे.

आणि जमवाजमव करण्याआधी ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे प्लग काढून त्या ब्रश घालून धुवायच्या. ग्राइंडिंगची बुकटी एखाद्या आडभोकात राहिली तर तेल तीच नव्या बेअरिंगवर नेऊन ओततं. क्रँकच्या आतल्या तिरक्या भोकांतही तीच गत. हे काम मोबदल्याच्या मानाने इतकं कंटाळवाणं आहे की तेच सगळ्यात आधी टाळलं जातं.

सगळं बसलं की लगेच चावी मारायची नाही. स्पार्क प्लग काढून ठेवायचे, म्हणजे कॉम्प्रेशनचा जोर बेअरिंगवर येत नाही, आणि नुसत्या स्टार्टरने इंजिन फिरवायचं. थोडं फिरवा, थांबा, स्टार्टर गरम होऊ देऊ नका, पुन्हा फिरवा. पंपात आधी तेल भरलेलं असेल तर वेळ कमी लागतो. कोरड्या गॅलरीत तेल भरत जातं, एकेका बेअरिंगपर्यंत पोचतं, फटीत अडतं, दाब तयार होतो, आणि डॅशबोर्डवरचा तो लाल दिवा इंजिन एकदाही पेटलेलं नसताना विझतो. मग प्लग लावा.

पुढच्या भागात सातपुड्याची नॅरोगेज: गोंदिया, बालाघाट, नैनपूर. तुमच्या घरात कुणी त्या लाइनवर काम केलं असेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा, नाव सांगितलं नाही तरी चालेल. भेटूया.